एकटीने किती तान्ही बाळं सांभाळायची? घरगुती पाळणाघर सुरू करताना

घरी पाळणाघर सुरू करायचं ठरलं की आधी चर्चा होते ती फीची. पण त्याआधी एक आकडा पक्का करावा लागतो: एका वेळी, एकटीच्या भरवशावर, किती बाळं घ्यायची. एक वर्षाखालच्या बाळांसाठी हा आकडा दोन आहे. त्यात 'फक्त दुपारपुरतं तिसरं' बसत नाही.

हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि सार्वजनिक आरोग्याच्या संघटनांनी मिळून केलेली नियमावली घरगुती पाळणाघरासाठी असं सांगते: दोन वर्षांखालची दोन मुलं घेतली, तर दुसरं कुठलंच मूल घ्यायचं नाही. दोन वर्षांखालचं एकच असेल, तर सोबत दोन वर्षांवरची जास्तीत जास्त तीन. दोन वर्षांखालचं एकही नसेल, तर मोठी सहापर्यंत. मोठ्या केंद्रात एक वर्षापर्यंतच्या तीन बाळांमागे एक व्यक्ती आणि एका गटात सहाच बाळं. इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्याला नेहमीच्या नियमाने पाच वर्षांखालची तीन मुलं घेता येतात, त्यातलं वर्षाखालचं एकच. (तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी हेही ध्यानात ठेवावं, की पैसे घेऊन स्वतःच्या घरी आठ वर्षांखालची मुलं दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त सांभाळायची तर ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेकडे नोंदणी लागते.)

आपल्याकडे २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणात तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक आणि तीन ते सहा वयाच्या २० मुलांमागे एक असं प्रमाण दिलं आहे. नवखी माणसं या '१०' वर बोट ठेवतात. पण तीन वर्षांखालचा गट म्हणजे त्यात हाताने जेवणारी, चालणारी, 'शू आली' असं सांगणारी अडीच वर्षांची मुलंही आली. दहाच्या दहा तान्ही बाळं एकीच्या पदरात टाकायला तो आकडा वापरणं चूक आहे, आणि धोक्याचंही.

मिनिटांचा हिशेब मांडा

वही घ्या आणि सहा-सात महिन्यांच्या एका बाळाचा नऊ तासांचा दिवस लिहून काढा. दूध किंवा खिमट चार वेळा. भरवणं, ढेकर काढणं, तोंड पुसणं धरून एका वेळेला २५ मिनिटं, म्हणजे १००. लंगोट किंवा डायपर सहा वेळा. बदलणं, पुसणं आणि साबणाने हात धुणं मिळून सात मिनिटं, म्हणजे ४२. तीन झोपा, डोळा लागेपर्यंत थोपटायला प्रत्येकी १५, म्हणजे ४५. वाट्या-चमचे, बाटल्या धुणं-उकळणं २५. मांडीवर घेऊन बोलणं, जमिनीवर पालथं टाकून खेळवणं, रडताना उचलून फिरवणं किमान ४५. बेरीज २५७ मिनिटं, सव्वाचार तासांहून थोडी जास्त.

दोन बाळांचे झाले साडेआठ तास. भांडी एकत्र धुतली तर थोडे मिनिट वाचतात, तेवढ्यात तुमचं जेवण. तीन बाळांचे होतात जवळपास तेरा तास, आणि दिवस तर नऊच तासांचा. उरलेले चार तास बाळांच्या वाट्यातूनच कापले जातात, सांभाळणारी कितीही मायाळू असली तरी. बाटली उशीला टेकवून बाळाच्या तोंडात दिली जाते. ओला लंगोट तासभर तसाच राहतो. बाळ पट्टा लावून खुर्चीत किंवा बाउन्सरमध्ये बसतं, समोर टीव्ही लागतो. चमच्याने सावकाश भरवायचं खिमट बोंडल्याने घाईघाईत ओतलं जातं आणि ठसका लागतो. मूल ठेवायला जागा शोधणाऱ्या आईबाबांनीही याच खुणा पाहाव्यात. टेकवलेली बाटली दिसली, की तिथे बाळं जास्त आहेत किंवा हात कमी आहेत.

वरची मिनिटं ढोबळ आहेत. पहिलं बाळ आल्यावर तीन दिवस घड्याळ लावून स्वतःची मिनिटं लिहा. दूध ओकणारं किंवा दर वीस मिनिटांनी जागं होणारं बाळ असेल तर आकडे झपाट्याने वाढतात. अपुऱ्या दिवसांचं किंवा नियमित औषधं चालू असलेलं बाळ दोन बाळांइतकं मोजा. अशा बाळासोबत दुसरं घेऊ नका.

जिन्याची परीक्षा

दुसरी कसोटी शरीराची आहे. सहा महिन्यांचं बाळ साधारण साडेसात किलोचं, वर्षाचं नऊ-साडेनऊचं. म्हणजे दोन बाळं १५ ते १९ किलो. तांदळाच्या आठ-आठ किलोच्या दोन पिशव्या भरा. एक ओढणीने किंवा बाळाच्या कॅरिअरने छातीशी बांधा, दुसरी कडेवर घ्या, मोकळा हात कठड्यावर ठेवा आणि जिन्याने खाली उतरा. आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते, म्हणून जिनाच. किती मिनिटं लागली ते पाहा. मध्येच थांबून पिशवी टेकवावी लागली तर दोन बाळंही तुम्हाला जास्त आहेत. एकच घ्या, किंवा तळमजल्यावरची जागा बघा. तिसऱ्या पिशवीला हातच उरत नाही. 'वरती कुणाला ठेवून उतरणार' हा प्रश्न ज्या दिवशी विचारावा लागेल तो दिवस आधी कळत नाही, म्हणून उत्तर संख्येतच असलं पाहिजे.

कॅरिअर दाराजवळच्या खुंटीला टांगलेलं असावं, कपाटाच्या वरच्या कप्प्यात नको. घराची किल्ली कडीत अडकवून आतून कुलूप लावायची सवय असेल तर ती मोडा.

कुणाला मोजायचं, कुणाला नाही

तुमचं स्वतःचं मूल मोजायचं. शेजारणीने 'अर्ध्या तासासाठी' ठेवलेलं मूल मोजायचं. जुळी म्हणजे दोनच, एकाच घरची म्हणून सवलत नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन सांभाळत असाल आणि तिथे तीन वर्षांची ताई असेल, तर तीही धरायची.

मोठ्या माणसांत मात्र हात सढळ ठेवू नका. खोलीत हजर आहे, हात रिकामे आहेत आणि बाळ उचलून जिना उतरू शकते, अशीच व्यक्ती मोजायची. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारी मदतनीस मोजायची नाही. गुडघे दुखणाऱ्या सासूबाई प्रेमाने मांडीवर घेतील, गोष्टी सांगतील, त्यांची सोबत मोलाची आहे, पण आकड्यात त्या नाहीत. अकरावीतली मुलगीही नाही. कॅमेराही नाही. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यामुळे उघडकीस आली. तेव्हापासून पालक आधी 'सीसीटीव्ही आहे का' असं विचारतात. विचारावंच. पण झालेलं दाखवणं हे कॅमेऱ्याचं काम, उचलून घेणं नाही. कॅमेऱ्यासोबत 'एका बाईकडे किती बाळं' हेही विचारलं जायला हवं.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो दुपारी. सकाळी दोन तान्ही बाळं, सगळं सुरळीत. साडेबाराला बालवाडीची रिक्षा येते आणि चार मोठी मुलं आत शिरतात: डबे, दप्तरं, भूक, भांडण. त्याच वेळी एक बाळ झोपेतून उठतं, दुसऱ्याची दुधाची वेळ होते. दिवसाची सरासरी काढली तर संख्या चांगली दिसते, पण साडेबारा ते अडीच ती संख्या पार बिघडलेली असते. प्रमाण घड्याळातल्या प्रत्येक मिनिटाला पाळलं गेलं पाहिजे. मोठी मुलं घ्यायचीच असतील तर बारा ते तीन दुसरी व्यक्ती ठेवा, नाहीतर तान्ही घेऊ नका. मे महिन्याच्या सुट्टीत हीच मुलं दिवसभर असतात, त्याची सोय मार्चमध्येच लावा.

दोन बाळांसाठी घर कसं लावायचं

प्रत्येक गोष्ट ठरवताना एकच विचारा: मी एका बाळात गुंतले असताना दुसरं कुठे असेल? त्यासाठी खोलीत दोन सुरक्षित जागा हव्यात, प्रत्येकाची एक. कठड्याचा पाळणा किंवा कुंपणासारखी उभी राहणारी खेळायची चौकट चालते. पलंग चालत नाही. चार-पाच महिन्यांचं बाळ काल पालथं पडत नव्हतं म्हणून आज पडणार नाही असं नसतं.

झोपताना बाळ पाठीवर, सपाट आणि कडक गादीवर, तोंड उघडं. मोहरीची उशी, लोड, जाड गोधडी, मऊ खेळणी झोपेच्या जागेत नकोत. घरी पाठीवर झोपणाऱ्या बाळाला पाळणाघरात 'लवकर झोपतं' म्हणून पालथं टाकणं फार धोक्याचं आहे. सवय नसलेल्या बाळाला अशा झोपेत अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो. दुपट्यात घट्ट गुंडाळायची पद्धत असेल तर बाळ कुशीवर वळायला लागताच ती थांबवा. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडू शकतो, म्हणून एकटीने दोन बाळं बघताना झोळी नकोच. गळ्यातला काळा दोरा, ताईत आणि मनगट्या झोपताना काढून डबीत ठेवायच्या, हे आईला पहिल्याच दिवशी सांगा. नजरेचं ज्यांना महत्त्व वाटतं त्यांना काजळाचा टिळा कपाळाच्या कडेला पुरतो. बाळं झोपली असताना दर दहा-पंधरा मिनिटांनी जवळ जाऊन छाती हलते का, चेहऱ्यावर काही आलं का ते बघा. लांबून बघणं पुरत नाही.

मोरी आणि बाथरूम याबद्दल एकच नियम: भरलेली बादली, टब, उघडं पिंप नाही. रांगणारं बाळ बादलीच्या काठाला धरून उभं राहतं, डोकं जड असल्याने तोल आत जातो आणि त्याला परत बाहेर येता येत नाही. बुडायला काही इंच पाणी पुरतं आणि आवाजही होत नाही. पाणी सकाळी एकदाच येत असेल तर झाकणाला कडी असलेलं पिंप घ्या आणि बाथरूमच्या दाराला वरून कडी लावा.

गॅस बाळं यायच्या आधी बंद. खिमट, पेज, वरण सकाळी आठच्या आत करून ठेवा. दिवसभरात लागलं तर गरम पाण्याच्या वाडग्यात वाटी ठेवून कोमट करा. बाळ कडेवर घेऊन गॅसपाशी उभं राहणं हे भाजण्याचं नेहमीचं कारण आहे.

आईचं काढलेलं दूध नावाची आणि वेळेची चिठ्ठी लावूनच घ्या. दोन बाळांची भांडी वेगळ्या रंगाची ठेवा, कारण दमलेल्या दुपारी नाव वाचलं जात नाही, रंग दिसतो. हे दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. आपल्या उन्हाळ्यात तेवढाही भरवसा नको, आल्याबरोबर फ्रिजमध्ये आत ठेवा, दारात नको. पावडरचं दूध कालवल्यापासून दोन तासांत संपवा. तोंड लावलेलं उरलं तर तासाभरात ओतून टाका. सहा महिन्यांखाली वरचं पाणी नाही आणि वर्षाखाली मध नाही, घुटीतही नाही. बोंडलं वापरायला आई सांगत असेल तर त्याची चोच आतून ब्रशने घासून उकळावी लागते, नाहीतर तिथे दूध साचतं. त्यापेक्षा वाटी-चमचा सोपा. टाल्कम पावडर वापरू नका. ती श्वासातून फुप्फुसात जाते.

लंगोट बदलायची जागा जमिनीवर, प्लॅस्टिकच्या चादरीवर. उंच टेबलावरून हात काढायची वेळ दोन बाळांच्या घरात हमखास येते. सामान बसण्याआधी हाताशी घ्या. बदलल्यावर तुमचे हात आणि बाळाचेही हात साबणाने धुवा. जुलाबाची साथ एका बाळाकडून दुसऱ्याकडे बहुधा सांभाळणाऱ्या हातांनीच जाते. जुलाब-उलटी झालेलं बाळ त्रास थांबल्यानंतर ४८ तास घरी राहील, हे आधीच लेखी ठरवून घ्या. लसीकरणाचं कार्डही पहिल्या दिवशी बघा. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिन्यांनंतर मिळते, तोवर लहान बाळाला संरक्षण अपुरं. २०२२ मध्ये मुंबईत गोवराची साथ आली होती. मोठ्या भावंडांच्या लसी राहिलेल्या असतील तर तान्ह्या बाळांसोबत ती ठेवू नयेत.

दोघं एकदम रडली तर

हे रोज होणार आहे, त्याची तयारी ठेवा. आधी ज्याला धोका आहे त्याच्याकडे, मग ज्याला भूक आहे त्याच्याकडे, मग ज्याला फक्त कडेवर यायचं आहे त्याच्याकडे. दुसऱ्याला त्याच्या सुरक्षित जागी ठेवून, त्याला दिसेल असं बसून, त्याच्याशी बोलत राहा. तरीही दोघं थांबत नसतील आणि तुमचा जीव कातावला, हात थरथरायला लागले, तर दोघांना पाळण्यात ठेवा, खोलीच्या दाराबाहेर उभं राहून पाणी प्या, चार-पाच मिनिटांनी आत या. बाळ तेवढ्याने बिघडत नाही. हलवून, झिंजाडून गप्प करायचा प्रयत्न मात्र मेंदूत रक्तस्राव करू शकतो. अशा वेळी हाक मारली की येईल अशी एक शेजारीण आधीच ठरलेली असावी. तिचा नंबर फोनमध्ये सर्वांत वर ठेवा.

घशात काही अडकलं तर: बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज येत नसेल, चेहरा निळसर होत असेल, तर पुढच्या हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, हनुवटीला आधार. तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दोन खांद्यांच्या मधे पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून. दिसत नसलेली वस्तू बोटाने शोधू नका, ती आणखी आत जाते. बाळ निपचित पडलं तर लगेच छाती दाबणं आणि श्वास देणं सुरू करा. फोन स्पीकरवर ठेवून १०८ लावा. हे वाचून येत नाही. बाहुलीवर हाताने शिकवणारं प्रशिक्षण घेतल्याशिवाय पहिलं बाळ घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे वाट न बघता डॉक्टर.

तिसरं बाळ कधी

नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २०१७ च्या दुरुस्तीपासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यातले आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. म्हणून बाळं तुमच्याकडे चार ते सहा महिन्यांची होऊन येतात. घरकाम करणाऱ्या आयांना अशी रजा मिळत नाही, त्यांची बाळं महिना-दीड महिन्याचीही येतात. इतकं लहान बाळ घेतलंत तर रुळेपर्यंत ते एकटंच ठेवा. एरवीही दोन नवी बाळं एकाच आठवड्यात घेऊ नका, मधे किमान दोन आठवडे जाऊ द्या. पहिले काही दिवस आईला सोबत बसवून घ्या, मग एक तास, मग अर्धा दिवस.

तिसरं बाळ घ्यायचं तर दुसरी व्यक्ती पूर्ण वेळ हवी आणि तिचा पगार आधी हिशेबात बसला पाहिजे. दोघींनी मिळून चारच. सहाच्या वर एका खोलीत नाही, मदतनीस कितीही असल्या तरी. कोणतं बाळ कुणाचं हे वाटून घ्या. 'दोघींची सगळी' म्हटलं की दूध पाजलं का हे दोघींनाही ठाऊक नसतं. एकीची सुट्टी असेल त्या दिवशी कोणती दोन बाळं येतील, हे पालकांना महिन्याच्या सुरुवातीलाच सांगितलेलं असावं.

आता फी. एका तान्ह्या बाळाची जागा वरच्या नियमानुसार दोन वर्षांवरच्या तीन मुलांची जागा अडवते. म्हणून तान्ह्याची फी मोठ्या मुलाच्या जवळपास तिप्पट निघते, आणि ती तशी सांगायला संकोच करू नका. मोठ्या मुलाइतकीच फी लावली की महिनाअखेरीस पैसे पुरत नाहीत, आणि मग तिसरं बाळ 'नाही म्हणवत नाही' म्हणून आत येतं. नाही म्हणायला सोपं जावं म्हणून प्रवेशाच्या कागदावर पहिलीच ओळ छापून ठेवा: 'येथे एका ताईकडे एका वेळी एक वर्षाखालची दोनच बाळं असतात.' खाली आईची सही घ्या. पुढे कुणी ओळखीने आग्रह करायला आलं, तर तो कागद पुढे करा आणि प्रतीक्षायादीत नाव व तारीख लिहून घ्या.